ताळाबाई

ताळाबाई नवीन माणसाच्या तोंडाकडे बघायच्या आधी त्याच्या हातांकडे बघत. साताऱ्यातल्या कर्णबधिर मुलांच्या निवासी शाळेत मी संगणक शिक्षकाच्या मुलाखतीला गेलो, तेव्हा टेबलापलीकडे मुख्याध्यापक होते, संस्थेचे एक सदस्य होते आणि कडेच्या खुर्चीवर या बाई. ते दोघे माझी प्रमाणपत्रं चाळत होते. बाई माझे हात बघत होत्या. मी संकोचून हात टेबलाखाली घेतले, तर म्हणाल्या, "वरच असू दे. बोलताना हलतात, बरं आहे. ज्याचे हात गप्प, तो आमच्या पोरांना दगडासारखा दिसतो." मला त्यातलं फारसं काही कळलं नाही. नोकरी मात्र मिळाली, आणि पुढे कळलं की ती त्या हातांमुळेच मिळाली होती.

हजेरीपटावर त्यांचं नाव वेगळं होतं, पण ते पगारपत्रकापुरतं. शाळेतली मुलं प्रत्येक माणसाला एक खूण देतात आणि तेच त्याचं नाव होतं. मी सारखा चष्मा वर सरकवतो म्हणून माझी खूण तीच झाली. बाईंची खूण होती, दोन्ही तर्जन्या एकमेकींवर आडव्या ठेवून केलेली फुली. बाई वर्षानुवर्षं गणित शिकवत होत्या, आणि गुणाकार झाला की नवाचा ताळा केल्याशिवाय वही पुढे घेत नसत. आकड्यांची बेरीज करत करत एका अंकावर यायचं, फुलीच्या चार घरांत अंक मांडायचे, समोरासमोरचे जुळले तर गणित बरोबर. मुलांनी ती फुली उचलली आणि बाईंना देऊन टाकली. आम्ही ऐकू येणाऱ्यांनी तिचं मराठी केलं, ताळाबाई.

ताळा गणितापुरता राहिला नव्हता. वसतिगृहाचा गॅस बंद केला म्हणून मावशींनी सांगितलं की बाई स्वतः जाऊन शेगडीच्या खटक्याला हात लावून येत. मावशींना त्याचा राग येत नसे, कारण बाई स्वतःच्या कामावरही तसाच अविश्वास दाखवत. "मी केलंय म्हणजे बरोबरच केलंय असं थोडंच आहे," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. त्यांचं माहेर आष्ट्याजवळचं, घरचा ऊस, दोन भाऊ शेतात आणि एक फौजेत. वर्गात बाई छापील मराठी बोलत, पण मनातलं काही आलं की भाषा थेट आष्ट्याला पोचत असे. मी सांगलीचा, म्हणून त्या मला सांगलीकर म्हणत.

त्यांची एक गोष्ट शाळेत सगळ्यांना ठाऊक होती. मी यायच्या आधीची. मुलांना एका गावच्या जत्रेला नेलं होतं. परतताना गाडीत मुलं मोजली, संख्या बरोबर आली, ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. बाईंनी तरी थांबवलं आणि एकेकाचा चेहरा बघत मागच्या बाकापर्यंत गेल्या. तिथं एक मुलगा खिडकीला नाक लावून बसला होता. बाईंनी खूण केली, त्यानं तोंड उघडून सांगितलं, "मी हितलाच हाय, गाडीत बसायला आलोय." आणि आमचा एक मुलगा पाळण्यापाशी उभा होता, वर बघत, मागून कितीही हाका मारल्या असत्या तरी त्याला ऐकू गेल्या नसत्या. ही गोष्ट सांगताना बाईंचा आवाज अजून बारीक होई. "संख्या जुळली होती," त्या म्हणत, "पोरं जुळली नव्हती."

मी रुजू झालो त्या सुमारास बाईंच्या डोक्यात एक काम घोळत होतं. शाळेत आता देशभर चालणारी सांकेतिक भाषा आली होती, टॅबवर तिचे धडे होते, मुलं ती भराभरा शिकत होती. बाईंना त्याचा आनंदच होता. पण सातारा-सांगलीच्या खेड्यापाड्यांत अशी म्हातारी माणसं होती, ज्यांनी कधी शाळा पाहिली नव्हती आणि घरात, रानात, मेंढरांमागं स्वतःच खुणा घडवल्या होत्या. कुणाची उसाच्या कांडीची खूण वेगळी, कुणाची पावसाची. ती माणसं गेली की ती बोली गेली. लिहून ठेवता येत नाही, आवाज टिपून ठेवता येत नाही. टिपायची तर हलत्या चित्रातच.

आणि ते चित्र स्वच्छ हवं होतं. मोबाईलवरून एकाकडून दुसऱ्याकडे गेलेला व्हिडिओ बारीक होत जातो, आपल्याला ते जाणवत नाही, कारण आवाज ऐकू येतो आणि माणूस ओळखू येतो. खुणांच्या भाषेत मात्र शब्द बोटांच्या पेरांवर असतो. बोट पुसट झालं की शब्द पुसट. म्हणून बाईंचा हट्ट होता की कॅमेऱ्यातून जसं निघेल तसंच ठेवायचं, जराही दाबायचं नाही. त्यामुळे एकेक फाईल अवाढव्य होऊ लागली. शाळेकडे कुणीतरी देणगी दिलेला एक जुना लॅपटॉप होता, आणि एकच फाईल त्याच्या मेमरीच्या कितीतरी पट मोठी असे.

पहिल्या काही फायली हार्ड डिस्कवर उतरवल्या, तेव्हा बाईंनी अर्थातच विचारलं, "ताळा?" मी म्हणालो, दोन्हीकडचा आकार सारखा दिसतोय. त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं आणि मला जत्रेतला पाळणा आठवला. मग मी त्यांना सांगितलं की यालाही एक ताळा असतो. फाईल कितीही मोठी असो, तिच्यातला कण न् कण एका ठरलेल्या गणितातून फिरवला की शेवटी एक छोटीशी, ठरावीक लांबीची अक्षरओळ निघते. तिला हॅश म्हणतात. मूळ फाईलची ओळ आणि नकलेची ओळ तंतोतंत सारखी आली तर आतलं सगळं सारखं.

बाईंनी लगेच त्यांच्या लाडक्या ताळ्याची दुखरी जागा दाखवली. नवाच्या ताळ्याला अदलाबदल कळत नाही. त्रेसष्टच्या जागी छत्तीस लिहिलं तरी तो आनंदानं जुळतो. "तुझा हा ताळा असा फसतो का?" मी म्हटलं, करूनच बघू. दुसऱ्या दिवशी सातवीच्या वर्गात पडद्यावर एक वाक्य लिहिलं, 'आज जेवणात भेंडी आहे', आणि त्याची अक्षरओळ काढली. एका मुलीला हवा तो एकच बदल करायला सांगितलं. तिनं भेंडीवरचा अनुस्वार खोडला. खालची ओळ एखाद्या अक्षरानं बदलेल अशी सगळ्यांची कल्पना होती, ती पहिल्यापासून शेवटपर्यंत निराळीच आली. वर्गात हातांचा गलका झाला. बाई मागच्या बाकावर बसल्या होत्या. त्यांनी अनुस्वार परत घातला, जुनी ओळ परत आली, आणि त्या समाधानानं मान हलवत राहिल्या.

प्रत्यक्ष कामाला लागलो तेव्हा मात्र लॅपटॉपनं मान टाकली. मी घाईत लिहिलेला प्रोग्रॅम आधी अख्खी फाईल मेमरीत भरून घ्यायचा आणि मग तिचा ताळा काढायला बसायचा. लहान फायलींना चाललं. मोठी फाईल दिली की पंखा किंचाळायचा, पडद्यावरचा बाण गोठायचा आणि शेवटी बटण दाबून सगळं बंद करावं लागायचं. बाई शेजारी वह्या तपासत बसलेल्या असत. काय झालं ते विचारत. मी सांगितलं, त्याच्या पोटात मावत नाही एवढं आपण त्याच्यापुढं वाढतोय.

उपाय मला ठाऊक होता, लिहायला एक दुपार पुरली. फाईल सगळी एकदम घ्यायचीच नाही. सुरुवातीचा एक तुकडा वाचायचा, त्याचा हिशोब करायचा, तुकडा सोडून द्यायचा. मग पुढचा तुकडा, आधीच्या हिशोबात तो मिळवायचा, सोडून द्यायचा. जवळ ठेवायचं ते फक्त इथवरच्या हिशोबाचं सार, आणि ते अगदी चिमूटभर असतं. फाईल घराएवढी असली तरी एका वेळी मेमरीत एक तुकडा आणि हे सार, एवढंच. शेवटच्या तुकड्यानंतर जे उत्तर येतं, ते अख्खी फाईल एकदम घेतली असती तर आलं असतं तेच. मी हे बाईंना समजावत होतो आणि 'सार' हा शब्द मलाच पटत नव्हता. बाईंनी वहीतून डोकं वर न काढता विचारलं, "हातचा म्हणतोयस का?"

हातचाच होता तो. लांबलचक बेरीज करताना आपण सगळे आकडे डोक्यात धरत नाही. हातचा तेवढा धरून पुढच्या घरात जातो. त्या दिवसापासून आमच्या शाळेत त्या चिमूटभर साराला दुसरं नाव नाही. बाईंनी त्यावर एक तास घेतला. मैदानात मुलं ओळीनं उभी केली, प्रत्येकाच्या हातात आकड्याचा पुठ्ठा. एक मुलगा ओळीवरून चालत गेला. आकडा बघायचा, मनातल्या बेरजेत मिळवायचा, पुठ्ठा खाली ठेवायला सांगायचा, पुढं सरकायचं. टोकाला पोचून त्यानं बेरीज लिहिली. मग बाईंनी त्यालाच सगळे पुठ्ठे एकदम उचलायला लावले. ते त्याच्या काखेतून, हनुवटीखालून घसरत खाली पडले, पोरं हसून लोळली, आणि मला जे शब्दांत धड सांगता आलं नव्हतं ते सातवीला कळलं. एका मुलीनं शंका काढली की उभे राहायची जागा बदलली तर? मी सांगितलं, बेरजेला फरक पडत नाही, आपल्या ताळ्याला पडतो, तो क्रमही लक्षात ठेवतो. बाई म्हणाल्या, "हे लय झालं. आमच्या नवाला एवढी अक्कल असती तर काय पायजे होतं."

त्यानंतर आम्ही दोघं गावोगाव हिंडलो. बाई कॅमेरा लगेच काढू देत नसत. आधी एक-दोनदा नुसतं जाऊन बसायचं, त्या माणसाच्या खुणा शिकायच्या, त्याच्या हातचा चहा प्यायचा. माण तालुक्यात दहिवडीच्या पुढं एका वस्तीवर असेच आम्ही गेलो होतो. रस्त्यावर एका माणसाला घर विचारलं, तो म्हणाला, "मुक्याचं घर व्हय? त्ये काय, लिंबाच्या झाडाखालचं." बाई उतरल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "त्यांना नाव असंल की." त्याला आठवायला वेळ लागला. बिरू. बिरूआप्पा जन्मापासून ऐकू न येणारे, सगळं आयुष्य मेंढरांमागं काढलेले, आता थकून घरी बसलेले. घरात त्यांचा धाकटा भाऊ, भावजय आणि पुतण्या. पुतण्या मुंबईला कामाला, तेव्हा सुट्टीवर आला होता. भावजयीला सगळे सखूवहिनी म्हणत. आप्पांच्या खुणा तिलाच जास्त कळत, म्हणजे जेवण, पाणी, दुखणं, मेंढरू, एवढ्या.

तिसऱ्या खेपेला कॅमेरा नेला. आमच्याकडे चांगला कॅमेरा नव्हता. फलटणचा एक स्टुडिओवाला, लग्नाचं शूटिंग करणारा, बाईंच्या शब्दाखातर स्वतः कॅमेरा घेऊन आला होता. लिंबाखाली आप्पा बसले, समोर बाई. बाईंनी त्यांना त्यांच्या आईबद्दल विचारलं. आप्पांनी बराच वेळ सांगितलं, मोठ्या, रुंद खुणांत, आणि बाई हलक्या आवाजात आमच्यासाठी ते मराठीत बोलत गेल्या.

आप्पा तरुण असताना दिवाळीनंतर मेंढरं घेऊन खाली कोकणाच्या अंगाला गेले होते. परत आले तर घरात आई नव्हती. त्यांनी विचारलं, आई कुठं? सगळ्यांनी आभाळाकडे बोट दाखवलं. आभाळाच्या त्या दिशेला डोंगर होता आणि डोंगरावर देऊळ. आप्पांना वाटलं, आई देवाला गेली आहे, वरच राहिली आहे. ते वाट बघत राहिले. संध्याकाळी मेंढरं आली की डोंगर चढून जायचे, देवळाभोवती फिरायचे, पायऱ्यांवर बसायचे. एकदा तिचं लुगडंही घेऊन गेले, थंडी पडली होती म्हणून. असं वर्षभर. मग आईचं वर्ष घातलं, भावानं पान मांडलं, त्या पानावर आप्पांनी आईला आवडणारा पदार्थ पाहिला आणि त्यांना कळलं. खुणेत त्यांनी हे कसं सांगितलं ते मी शब्दांत उतरवू शकत नाही. उघडा तळवा होता, त्यावर काही ठेवलं होतं, आणि मग तो तळवा हळूहळू पालथा झाला.

बाईंचा आवाज थांबला. सखूवहिनी दारात उभी होती. ती बसली, डोक्यावरचा पदर पुढं ओढून घेतला. "आवं बाई," ती म्हणाली, "आमाला वाटलं त्येनला कळलंय. रोज डोंगरावर जायाचं तवा आमी म्हनलं, दुःखापायी देवाला जातंय. कुनी आडवलं न्हाई. कुनी सांगितलं न्हाई." धाकटा भाऊ उठला, आप्पांच्या शेजारी येऊन बसला आणि त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. आप्पांना हे एवढं सगळं का चाललंय ते कळेना. त्यांच्या हिशेबी त्यांनी ही गोष्ट घरात कितीतरी वेळा सांगितली होती.

कॅमेरा बंद केला. स्टुडिओवाल्याला दुसऱ्या दिवशी हळदीचं शूटिंग होतं आणि त्याच्याकडे ते एकच मोठं कार्ड होतं. ओट्यावर बसून मी सगळं हार्ड डिस्कवर उतरवलं. त्यानं पडद्यावर बघितलं आणि कार्डाकडे हात केला. "बाई, साईज सेम हाय दोन्हीकडं. आता कार्ड पुसतो, निघतो." बाई म्हणाल्या, जरा दम धर. त्यांनी मला डिस्क काढून पुन्हा लावायला सांगितली, म्हणजे लॅपटॉपच्या आठवणीतलं न वाचता डिस्कवरचं खरोखरचं वाचलं जाईल. ही युक्ती मीच त्यांना कधीतरी सांगितली होती. मग प्रोग्रॅम लावला. जुना लॅपटॉप तुकडा उचलत होता, हातचा धरत होता, तुकडा सोडत होता, पंखासुद्धा वाजत नव्हता. पण कार्ड पूर्ण वाचायचं, मग डिस्क पूर्ण वाचायची, वेळ लागणारच. सखूवहिनीनं भाकरी टाकल्या. स्टुडिओवाला अंगणात येरझाऱ्या घालत होता, घड्याळ बघत होता, पण बाईंपुढं बोलत नव्हता.

सगळ्या फायली जुळल्या, एक सोडून. आईची गोष्ट असलेल्या फाईलच्या दोन ओळी एकमेकींना ओळखत नव्हत्या. मी डिस्कवरची नक्कल उघडली. सुरुवात छान होती. डोंगर आला, देऊळ आलं. मग लुगड्याच्या प्रसंगापाशी चित्र फुटलं, आप्पांच्या हातांच्या जागी रंगीत चौकोन नाचू लागले, आणि पुढं पुन्हा सगळं नीट. कार्ड वाचायच्या खोबणीत काहीतरी सैल होतं. स्टुडिओवाला माझ्या खांद्यावरून बघत होता. त्यानं खिशातून स्वतःचा कार्ड रीडर काढून दिला. पुन्हा उतरवलं, पुन्हा ताळा केला, या वेळी ओळी जुळल्या. मग तो म्हणाला, "सर, हा प्रोग्रॅम मला द्या. माझ्याकडं लोकांची लग्नं हायेत." आजही तो मला कधीमधी फोन करतो, एखादी मोठी फाईल अडली की.

परतीच्या वाटेवर बाई खिडकीबाहेर बघत होत्या. स्टुडिओवाल्याला फलटणला उतरवल्यावर त्या बोलल्या, आणि ते आप्पांबद्दल नव्हतं. म्हणाल्या, उद्यापासून पालकांच्या प्रत्येक सभेत एक खूण शिकवायची, मरणाची. "आभाळाकडं बोट दाखवून भागत न्हाई. ऐकू येणाऱ्याला भागतं, कारण बाकीचं त्यानं ऐकलेलं असतं." त्यांनी ते केलं. काही पालकांना ती खूण अशुभ वाटली, एक आजोबा उठून निघून गेले. बाईंनी शिकवणं सोडलं नाही.

आप्पा पुढच्या वर्षी गेले. वर्ष घातलं त्या दिवशी पुतण्यानं बोलावलं म्हणून आम्ही गेलो. घरात भिंतीवर पांढरं धोतर लावलं होतं, त्यावर प्रोजेक्टरनं चित्र पाडलं. भिंतीवर आप्पा लिंबाखाली बसले, हात उचलले. बाई नेहमीप्रमाणे शेजारी उभ्या राहून मराठीत सांगू लागल्या. दोन-चार वाक्यं झाली असतील, सखूवहिनीनं हात वर केला. "बाई, ऱ्हाऊ द्या आता," ती म्हणाली. "कळतंय आमाला." बाई खाली, बायकांत जाऊन बसल्या. पुढची सगळी गोष्ट त्या घरानं आवाजाशिवाय पाहिली.

बाईंच्या हातांना कंप सुटलाय हे पहिल्यांदा मुलांच्याच लक्षात आलं. आम्हाला खडू फळ्यावर टकटक वाजलेला ऐकू आला, आम्ही दुर्लक्ष केलं. पाचवीतल्या एका मुलीनं सरळ विचारलं, बाई, तुम्ही अडखळत का बोलता? बाई हसल्या, पण त्या दिवशी त्यांनी पर्स दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. सांगलीच्या डॉक्टरांनी त्या कंपाला नाव दिलं, गोळ्या दिल्या आणि हेही सांगितलं की तो वाढत जाईल. मला त्यांनी स्टाफरूममध्ये बसवून सांगितलं. जिची जीभ हातांत आहे तिला हे व्हावं, असं काहीतरी मी पुटपुटलो. त्या म्हणाल्या, "रडायचं नंतर. आधी माझं शूटिंग कर."

त्या उन्हाळ्यात रिकाम्या वर्गात आम्ही ते केलं. गावोगावच्या म्हाताऱ्या माणसांकडून त्या जे जे शिकल्या होत्या, आष्ट्याच्या रानात लहानपणी पाहिलेल्या खुणा, मुलांनी वसतिगृहात घडवलेल्या, हळूहळू सगळं. हात जास्त थरथरले की मी तेवढा भाग पुन्हा घ्यायचा म्हणायचो. सुरुवातीला त्यांनी ऐकलं. मग एक दिवस म्हणाल्या, थरथरणारं पण ठेव. म्हातारी माणसं अशीच बोलतात, पोरांना ते वाचता आलं पाहिजे. मी एकदा विचारलं, संगणकावर कंप थोडा कमी करता येईल, करू का? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी परत विचारलं नाही. त्या फायली आजही तशाच आहेत, जशा कॅमेऱ्यातून आल्या. एक डिस्क शाळेत, एक माझ्या सांगलीच्या घरी, एक आष्ट्याला त्यांच्या भावाकडे. नुसती ठेवलेली डिस्कही आतून कुजू शकते, म्हणून दर वर्षी शाळा सुरू झाली की तिन्ही काढतो आणि सातवीची मुलं ताळा करतात. ज्यांनी बाईंना पाहिलेलंही नाही अशी मुलं आता ते काम करतात, आणि काम सुरू करताना दोन तर्जन्यांची फुली करतात. ती एका माणसाचं नाव आहे हे त्यांना सांगावं लागतं.

निवृत्तीनंतर बाई आष्ट्याला भावाकडे राहायला गेल्या. लग्न त्यांनी केलं नव्हतं. भावजयीनं त्यांना फार जपलं. मी महिन्यातून एखाद्या रविवारी जायचो. प्रत्येक वेळी हात आणखी बिघडलेले दिसायचे, मग आवाजही खोल गेला. शब्द तोंडातून निघेपर्यंत विरून जायचा. खुणा तर पाण्यातल्या प्रतिबिंबासारख्या झाल्या होत्या. मी चष्मा वर सरकवत त्यांच्या बोटांकडे बघत बसायचो आणि निम्मं कळायचं नाही. कळलं नाही तरी कळल्यासारखी मान हलवली की त्या लगेच ओळखायच्या आणि रागवायच्या. राग मात्र स्पष्ट दिसायचा.

शेवटच्या भेटीला माझ्याबरोबर सागर होता, बायको आणि मुलीला घेऊन आलेला. सागर त्यांचा जुना विद्यार्थी, सांगलीजवळ एका कारखान्यात कामाला आहे. त्याला ऐकू येत नाही, त्याच्या बायकोला, रूपालीलाही नाही. त्यांना नुकतीच मुलगी झाली होती, आठ-नऊ महिन्यांची, आणि तिला ऐकू येत होतं. बाई पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. सागरला बघून त्यांनी हात उचलले, पण ते इतके थरथरले की त्यातून काहीच उमटेना. त्या पुन्हा पुन्हा प्रयत्न करत होत्या. मी काही सुचून बोलायच्या आत सागर पलंगाच्या कडेला बसला आणि आपले दोन्ही तळवे त्यानं बाईंच्या हातांखाली धरले. त्यांच्या हातांना आधार देत, त्यांच्याबरोबर हलत, तो डोळे मिटून ऐकू लागला. मग डोळे उघडून माझ्याकडे बघून त्यानं खुणेनं सांगितलं, बाई विचारतात, मुलीशी हातांनी बोलता की नाही?

रूपालीनं मुलीला उचललं आणि बाईंच्या मांडीवर ठेवलं. मुलगी आधी पदराशी खेळली. मग तिला भूक लागली असावी. तिनं आपली मूठ पुढं केली आणि उघडली, मिटली, पुन्हा उघडली. गाईची धार काढतात तशी. आमच्याकडची दुधाची खूण. अजून नीट जमत नव्हती, करंगळी मागं राहत होती, अंगठा कुठंतरी भलतीकडे. बाई बघत राहिल्या. मग त्यांनी सागरच्या तळव्यावरून आपला हात काढून घेतला आणि तीच खूण केली, तितकीच वेडीवाकडी. मुलीनं टक लावून बघितलं, हसली आणि पुन्हा मूठ उघडमीट केली. बाईंनी पुन्हा केली.

भावजय स्वयंपाकघरातून दुधाची वाटी घेऊन दारात आली होती. रूपालीनं तिला हातानं थांबवलं आणि आम्हा सगळ्यांना सांगितलं, थोडं थांबू या, दोघी बोलतायत.